बोटाच्या पेराएवढें आसन

विमानांचे छोटे नमुने जुळवून ते हुबेहूब रंगविण्याचा छंद हल्लीं आपल्याकडील कित्येक सुशिक्षित घरांतून शिरला आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलापासून नोकरींतून निवृत्त झालेल्या गृहस्थापर्यंत सर्व वयांचीं माणसें त्यांत रमलेलीं आढळतात. आणि ज्या घरांत हा छंद आहे त्या घरांत त्यावरून थोडीबहुत कुरबूरही बहुधा असतेच. ‘एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्यावर चार-चार तास डोळे फोडून मिळवायचें तें काय?’ असा प्रश्न माजघरांतून येतो, आणि तो रास्त आहे. केवळ पंख, शेपटी आणि त्यांवरचीं रंगीत चक्रें पाहून त्याचें उत्तर मिळणार नाहीं. त्यासाठीं विमानाच्या पोटांत डोकावून एका वस्तूपाशीं थांबावें लागतें. ती वस्तु म्हणजे वैमानिकाचें आसन.

प्रथम परिमाण पाहूं. या छंदांत एकास बहात्तर हें परिमाण फार रूढ आहे. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट, आणि सहा फूट म्हणजे धिप्पाड पुरुषाची उंची; तेव्हां या परिमाणांत उभा माणूस बरोबर इंचभर होतो, हा हिशेब लक्षांत ठेवण्यास सोपा. इंग्लंडांत १९३० नंतरच्या दशकांत ‘स्कायबर्ड्स’ नांवाच्या लांकडी संचांनीं हें माप लोकप्रिय केलें, आणि १९३६ सालापासून ‘फ्रॉग पेंग्विन’ हे प्लास्टिकचे संच त्याच मापाचे निघूं लागले. पुढें महायुद्धांत या मापाचा उपयोग एका निराळ्याच कामीं झाला. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें तेथील शाळांतील मुलांकडून विमानांचे पांच लक्ष लांकडी नमुने करून मागितले. आकाशांत दिसणारें विमान आपलें कीं शत्रूचें, हें नुसत्या आकृतीवरून ओळखण्याचें शिक्षण सैनिकांना द्यावयाचें होतें. म्हणून ते नमुने सबंध काळे रंगवीत. मी जन्मभर शाळेंत घालविलेला माणूस. मला ही हकीकत फार आवडते. सुतारकामाच्या तासाला एवढी प्रतिष्ठा दुसऱ्या कोणत्या प्रसंगीं आली असेल? पण त्या काळ्या नमुन्यांच्या आंत कांहींच नव्हतें. बाहेरची आकृति तेवढी हवी होती; आंत कोणी बसतो याच्याशीं कर्तव्य नव्हतें. आजचा छंद बरोबर उलट टोकाला गेला आहे.

आजच्या लढाऊ विमानांतील आसन साधारण चार फूट उंच धरलें तर एकास बहात्तर या मापांत तें पाऊण इंचाहूनही कमी भरतें. करंगळीच्या शेवटच्या पेराएवढें म्हणा ना. एकास अठ्ठेचाळीस या मोठ्या मापांत तें इंचभर होतें. वैमानिकाच्या खांद्यावरून छातीवर येणारा पट्टा सुमारें पावणेदोन इंच रुंद असतो. लहान मापांत तो अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित् वर उतरतो. एवढ्या जागेंत गादी, उशी, पट्टे, त्यांचीं बक्कलें, धातूची चौकट आणि ओढावयाच्या मुठी हें सर्व रंगवून दाखवावयाचें असतें. आणि तें दाखविल्यावर वर काचेचें झांकण बसवावयाचें असतें. 

आसन हें पूर्वीं इतकें गुंतागुंतीचें यंत्र नव्हतें. पहिल्या महायुद्धांतील सॉपविथ कॅमल विमानांत वैमानिक चक्क वेताच्या आसनावर बसे. १९१७ सालीं हरदितसिंग मलिक हे शीख तरुण फ्लँडर्सच्या आघाडीवर हेंच विमान उडवीत होते. वेत हलका, लवचिक. विमानाचा सांगाडाच लांकडाचा आणि वर कापड ताणलेलें, तेथें जड लोखंडी खुर्ची कोण ठेवणार? वेताची वीण रंगविणें हें काम दिसतें तितकें कठीण नाहीं. आपल्या ओसरीवरील वेताच्या खुर्चीकडे पांच मिनिटें नीट पहावें, म्हणजे ध्यानांत येतें कीं डोळ्याला वीण दिसते ती तिच्या उजेडाहून तिच्या मधल्या काळोखामुळें. प्रथम सबंध आसन गडद तपकिरी करावें आणि नंतर फिकट पिवळ्या मातीच्या रंगाच्या आडव्या रेघा एकीआड एक तुटक ओढाव्या. काळोख आपोआप मागें राहतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे टपाल घेऊन पुस मॉथ विमानानें कराचीहून निघाले व अहमदाबादमार्गें जुहूस उतरले. अहमदाबादेहून जुहूस यावयाचें म्हणजे वाट पालघर-वसईच्या बाजूची. आमच्या भाईंदरच्या मिठागरांत फावडें घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या आगऱ्यानें त्या दिवशीं आवाज ऐकून मान वर केली असली तर नवल नाहीं. टाटा एकटेच होते, सोबतीला टपाल तेवढें. म्हणून त्या विमानाचा नमुना करणारानें मागें उतारू बसवूं नये. थैल्या ठेवाव्या, आणि तागाच्या कापडाचा तो कळकट रंग त्यांना द्यावा.

स्पिटफायरची गोष्ट याहून मौजेची आहे. हिंदी हवाई दलाच्या आठव्या स्क्वॉड्रनला १९४४ सालीं हीं विमानें मिळालीं. त्यांतील पुष्कळ आसनें धातूचीं नसून कृत्रिम राळेनें घट्ट केलेल्या थरांचीं होतीं, आणि त्यांचा स्वाभाविक रंग विटकरी-तपकिरी असे. कांहीं आसनें मात्र धातूचीं व कक्षाच्या करड्या-हिरव्या रंगांत रंगविलेलीं असत. अमुक विमानांत कोणतें होतें यावरून छांदिष्ट मंडळींत जे वाद होतात ते ऐकले म्हणजे एका पाठभेदासाठीं दोन दिवस भांडणाऱ्या आमच्या पाठशाळेंतील शास्त्र्यांची आठवण होते. दोन्हीकडे आवेश तोच, आणि मला वाटतें, प्रामाणिकपणाही तोच.

यापुढची पायरी म्हणजे हल्लींचें आसन. इंग्रजींत त्यास एजेक्शन सीट म्हणतात. मराठींत ‘उत्क्षेपक आसन’ म्हणतां येईल, पण संकटांत सांपडलेल्या माणसाला तो शब्द उच्चारण्यास वेळ पुरणार नाहीं, म्हणून इंग्रजीच राहूं द्यावा. विमानाचा वेग वाढत गेला तसें पेटलेल्या विमानांतून हातापायांच्या बळावर बाहेर पडणें अशक्य झालें. समोरून येणारा वाराच माणसाला दाबून धरी. इंग्लंडांतील मार्टिन-बेकर या कारखान्याच्या दोन भागीदारांपैकीं व्हॅलेन्टाइन बेकर हे १९४२ सालीं आपल्याच कारखान्याच्या विमानाची परीक्षा घेतांना मृत्यु पावले. मागें राहिलेल्या जेम्स मार्टिन यांनीं त्यानंतर वैमानिकाला जिवंत बाहेर कसें काढावें या एकाच प्रश्नास वाहून घेतलें. २४ जुलै १९४६ रोजीं बर्नार्ड लिंच हे त्या कारखान्यांतील कर्मचारी अशा आसनावर बसून धांवत्या विमानांतून वर फेंकले गेले आणि हवाई छत्रीनें सुखरूप उतरले. आसनाखालीं दारू ठासलेली नळी. मूठ ओढतांच ती उडते, आसन माणसासकट रुळांवरून वर निघून जातें, पुढें माणूस आसनापासून सुटतो व छत्री उघडते. या कारखान्याच्या आसनांनीं आजवर सात हजारांहून अधिक वैमानिकांचे प्राण वांचविले आहेत. म्हणजे ज्याला आपण खुर्ची समजतों ती वस्तुतः एक तोफ आहे, आणि तोफेचा गोळा म्हणजे आईबापांचा पोटचा गोळा आहे.

महाराष्ट्रांतील घरांना या विषयाची ओळख मिग-२१ या विमानामुळें अधिक. नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यांत हीं विमानें वर्षानुवर्षें तयार झालीं, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदिगड येथें हवाई दलानें त्यांना समारंभपूर्वक निरोप दिला. आतां तें आकाशांत दिसावयाचें नाहीं. घरच्या कपाटांत मात्र दिसेल. त्याचा नमुना करणारानें आधीं एक गोष्ट ठरविली पाहिजे. मिग-२१ एकच नव्हे. आरंभींच्या ‘एफएल’ प्रकारांत काचेचें झांकण पुढच्या बाजूस बिजागरी असून पुढें उचललें जाई, आणि संकटकाळीं तें आसनाबरोबरच निघून वाऱ्यापासून वैमानिकाची ढाल होई. नंतरच्या ‘एम’ व ‘बिस’ या प्रकारांत झांकण बाजूला उघडूं लागलें आणि आसनही निराळें, केएम-१ जातीचें, आलें. एकाच्या शरीरांत दुसऱ्याचें आसन बसविलें तर जाणत्याला तें रामाच्या हातीं मुरली दिल्यासारखें दिसतें.

आतां रंगविण्याकडे वळूं. येथें सावकाश जावें लागेल.

आसनाचे तुकडे संचाच्या चौकटीला चिकटलेले असतात ते धारदार पात्यानें सोडवावे, कडेला उरलेली प्लास्टिकची मिशी बारीक पॉलिश कागदानें घांसावी आणि सर्व तुकडे साबणाच्या कोमट पाण्यांत धुवावे. साच्यांतून माल सुटावा म्हणून लावलेलें तेलकट द्रव्य अंगाला राहिलेलें असतें. तें न धुतां रंग लावला कीं तो पुढें पापुद्र्यासारखा सुटतो. नंतर करड्या रंगाचा एक पातळ अस्तर-लेप. तो वाळला कीं मूळ रंग. येथें नवख्याला प्रथम आश्चर्य वाटतें तें असें कीं खऱ्या आसनाचा तंतोतंत रंग नमुन्यावर लावला तर तो खोटा दिसतो! कारण उघड आहे. बहात्तरपट लहान वस्तु आपण एक फुटावरून पाहतों, म्हणजे खरी वस्तु बहात्तर फुटांवरून पाहिल्यासारखें झालें. आणि दूरची वस्तु मधल्या हवेमुळें नेहमीं थोडी फिकट दिसते. सह्याद्रीच्या रांगा मागें मागें निळसर होत जातात तोच हा न्याय. तेव्हां काळ्यांत थोडा करडा आणि हिरव्यांत थेंबभर पांढरा मिसळावा. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा हे दोन रंग आसनाच्या वाटेला जाऊं नयेत.

दुसरी अडचण छायेची. वस्तु लहान करतां येते, उजेड लहान करतां येत नाहीं. खऱ्या आसनाच्या गादीखालीं, पट्ट्याच्या घडींत, चौकटीच्या कोनांत दाट सांवली असते. नमुन्यांत त्या फटी इतक्या उथळ कीं उजेड सर्व बाजूंनीं आंत शिरतो आणि सर्व सपाट दिसतें. म्हणून सांवली हातानें घालावी लागते. गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून कुंचलीच्या टोकानें खांचेच्या तोंडाशीं नुसता टेकवावा. तो आपण होऊन खांचेंत धांवत जातो. समईच्या वातींत तेल चढतें तें ज्या केशाकर्षणानें, त्याच नियमानें. मुलांना पदार्थविज्ञान शिकविण्यास याहून चांगली प्रयोगशाळा मला ठाऊक नाहीं. उजेडाची बाजू याच्या उलट: कुंचलींत फिकट रंग घेऊन तो फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकावा आणि ती कोरडी कुंचली उंचवट्यांवरून हलकेच फिरवावी. फक्त कडा उजळतात, आणि सपाट प्लास्टिकला एकदम घडण येते.

हा विचार कांहीं आजचा किंवा परदेशचाच नव्हे. विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्रांत छायेचे म्हणजे ‘वर्तने’चे तीन प्रकार सांगितले आहेत: पानाच्या शिरांसारख्या रेघांनीं होणारी पत्रजा, अतिशय सूक्ष्म अशी ऐरिक, आणि ठिपक्यांनीं होणारी बिंदुज. उशीचें कातडें रंगवितांना मला पत्रजा उपयोगी पडतांना दिसते, गादीच्या जाड कापडाला बिंदुज. ज्या कारागिरांनीं हे भेद केले त्यांना विमान ठाऊक होतें कीं नव्हतें या वादांत मी शिरत नाहीं. छाया त्यांना ठाऊक होती एवढें निश्चित.

पट्ट्यांचें काम स्वतंत्र आहे, आणि त्यांत घरांतील स्त्रियांचा हात पुरुषांपेक्षां अधिक चालतो असा माझा अनुभव आहे. संचांतील पट्टे बहुधा आसनावरच उठविलेले असतात. ते खरवडून काढून कागदाच्या किंवा चिकटपट्टीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या कापून बसवाव्या लागतात. आमच्या सूनबाईनें भरतकामाची सुई व भिंग घेऊन पहिल्याच दिवशीं जे चार पट्टे बसविले ते तिच्या मुलाला आठवडाभर जमले नव्हते. बक्कलांसाठीं केसासारखी तांब्याची तार लागते. ती मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्याच्या दुकानांत मूठभर सहज मिळते. आमच्या भाईंदर पूर्वेच्या कारखान्यांच्या वस्तींत अशीं दुकानें हवीं तितकीं आहेत. पट्टे ताठ, इस्त्री केल्यासारखे ठेवूं नयेत. माणूस आसनावरून उठून गेला म्हणजे पट्टा जसा पडेल तसा तो पडूं द्यावा: एक खांद्यावरून मागें लोंबणारा, एक गादीवर वळलेला. नमुन्यांत वैमानिकाचा पुतळा बसविण्यापेक्षां हें मला अधिक बोलकें वाटतें. पुतळा नेहमींच पुतळा दिसतो. पण तो पडलेला पट्टा पाहिला कीं कोणी नुकताच उठून गेला असें वाटतें.

त्याच दृष्टीनें झिजेचा विचार करावा. झीज सर्वत्र सारखी नसते. वैमानिक आंत उतरतांना जेथें पाय टेकतो, जेथें हात धरून वजन टाकतो, तेथेंच चौकटीचा रंग उडून खालची धातु दिसते. शिसपेन्सिलीचें टोक त्या कडेवरून एकदां फिरवावें, पुरे. सगळ्या आसनावर ओरखडे काढणारा माणूस आसन रंगवीत नाहीं, भंगार रंगवितो. शेवटीं चकाकी मारणारा निस्तेज वार्निशाचा हात द्यावा; कातड्याच्या उशीला मात्र अर्धी चमक राहूं द्यावी, कारण कातडें डोक्याच्या घर्षणानें तुकतुकीत होतें.

या वार्निशासंबंधीं खाडीकांठच्या वाचकांना एक सूचना. जुलै-ऑगस्टांत आमच्याकडे भिंतींना सुद्धां घाम फुटतो. अशा हवेंत फवाऱ्याचें वार्निश मारलें तर त्यांतील द्रव झपाट्यानें उडून जातांना पृष्ठभाग थंड होतो, हवेंतील बाष्प त्यावर धरतें आणि सबंध काम दुधाळ, पांढुरकें होऊन बसतें. दोन महिन्यांची मेहनत दोन मिनिटांत. पावसाळ्यांत वार्निश करूंच नये हा उत्तम मार्ग. अगदीं करणेंच झालें तर पाण्यांत मिसळणारें वार्निश कुंचलीनें लावावें व काम झांकण लावलेल्या डब्यांत वाळूं द्यावें. थिनर वापरतांना खिडकी उघडी असावी आणि देवघरांतील समई दूर असावी, हें मोठ्या माणसांनीं पहावें.

लाल रंगाविषयीं मुद्दाम निराळें लिहितों. पाश्चात्य आसनांवरील ओढावयाच्या मुठी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या असतात, रशियन आसनांवर बहुधा लाल. गर्द, करड्या, मातकट अशा त्या सगळ्या रंगांत एवढाच एक ठिपका उठून दिसतो, आणि मुलें तो फार आवडीनें रंगवितात. आमच्या इमारतींत एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांची सर्व नोकरी विमानांच्या देखभालींत गेली. नातवानें काचेचें झांकण उघडें ठेवून केलेला मिग त्यांना दाखविला. त्यांनीं भिंगांतून बराच वेळ पाहिला, रंगाची तारीफ केली आणि मग शांतपणें विचारलें, “बाळा, यांत पिना कुठें आहेत?” 

विमान जमिनीवर उभें असतांना आसनाच्या यंत्रांत सुरक्षेच्या पिना घातलेल्या असतात व त्यांना लाल फीत बांधलेली असते. उड्डाणापूर्वीं त्या मोजून काढावयाच्या, उतरल्यावर मोजून परत घालावयाच्या. पीन नसलेल्या आसनाजवळ झाडण्या-पुसण्यासाठीं वांकलेल्या माणसाचा हात चुकून मुठीला लागला तर काय होईल, हें वर तोफेसंबंधीं जें लिहिलें त्यावरून वाचकांच्या ध्यानांत येईलच. “आम्ही चढायच्या आधीं आसनाकडे पाहत नसूं, लाल फितीकडे पाहत असूं,” असें ते म्हणाले. “फीत दिसली कीं मगच पाय आंत.” नातवानें त्याच दिवशीं लाल कागदाच्या मिलिमीटरभर दोन फिती कापून बसविल्या. माझ्या मतें त्या नमुन्यांतील सर्वांत महत्त्वाचा रंग तोच, आणि तो कोणत्याही संचाच्या माहितीपत्रकापेक्षां एका माणसाच्या सवयींतून आला.

मिगसंबंधीं लिहितांना केवळ कौतुक करून थांबतां येत नाहीं. या विमानानें देशाची मोठी सेवा केली. तसेंच त्याच्या अपघातांनीं अनेक घरें ओस केलीं. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा पुण्याचा तरुण वैमानिक सप्टेंबर २००१ मध्यें राजस्थानांत सुरतगड येथें मिग-२१ च्या अपघातांत गेला. त्याच्या आईवडिलांनीं, कविता व अनिल गाडगीळ यांनीं, शोक करीत बसण्याऐवजीं विमानांच्या व वैमानिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न हातीं घेतला, अभिजितच्या नांवानें एअर सेफ्टी फाउंडेशन स्थापिलें, आणि पुढें पुण्यांत जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट उभारून तरुणांना जमिनीवरच्या कृत्रिम कक्षांत, सिम्युलेटरवर, उड्डाणाचा सराव देण्याची सोय केली. आसन कितीही उत्तम असलें तरी जमिनीलगत, निमिषार्धांत घडणाऱ्या अपघातांत मूठ ओढण्यास अवधि मिळेलच असें नाहीं. ही गोष्ट नमुना करणाऱ्या मुलाला सांगावी कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या घरांत निघाला होता. मीं सांगितली. चौदा वर्षांचा मुलगा लाल मूठ रंगवितो त्या अर्थीं ती कशासाठीं आहे हें समजण्याइतका तो मोठा झाला आहे.

दुसरी हकीकत दिलीप परुळकर यांची. आडनांव वाचतांच कोंकणांतील परुळें डोळ्यांपुढें येतें. १९६५ च्या युद्धांत हंटर विमानांत असतां त्यांच्या खांद्याला गोळी लागली. बाहेर उडी घेण्याचा सल्ला मिळाला असूनही त्यांनीं विमान तळावर परत आणलें, आणि त्याबद्दल त्यांस वायुसेना पदक मिळालें. पुढें डिसेंबर १९७१ मध्यें त्यांचें सुखोई-७ विमान शत्रूच्या माऱ्यांत सांपडलें; या वेळीं मात्र आसनाची मूठ ओढण्यावांचून गत्यंतर नव्हतें. ते युद्धकैदी झाले. १९७२ च्या ऑगस्टांत मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी या दोघां सहकाऱ्यांसह त्यांनीं रावळपिंडीच्या कोठडीची भिंत फोडली आणि थेट अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलपर्यंत मजल मारली. तेथें ते पकडले गेले, व त्याच वर्षाच्या अखेरीस सुटून मायदेशीं आले. २०२५ च्या ऑगस्टांत त्यांचें निधन झालें. एकदां आसन धरून राहण्याचा आणि एकदां त्यासह निघून जाण्याचा, असे दोन निर्णय एकाच माणसानें सहा वर्षांच्या अंतरानें घेतले, आणि दोन्ही बरोबर ठरले. हंटर आणि सुखोई या दोन विमानांचीं आसनें शेजारीं शेजारीं रंगवून ठेवावीं अशी कल्पना मीं नातवापुढें मांडली आहे: एक इंग्रजी घडणीचें, पिवळ्या-काळ्या मुठीचें, दुसरें रशियन. बाकीचीं विमानें नसलीं तरी चालतील.

खर्चाचा व वेळेचा प्रश्न उरतो. रंग, कुंचल्या, भिंग, चिमटा मिळून आरंभीं जो खर्च येतो तो येतोच. पुढें तो मनावर घेतल्यास आटोक्यांत राहतो, कारण एकेका आसनावर तीन-तीन आठवडे लागत असतां वर्षाकाठीं संच किती संपणार? कुंचली मात्र चांगली घ्यावी. तीन शून्यांची, टोंक न फाटणारी एक कुंचली डझनभर स्वस्त कुंचल्यांना भारी आहे. राजस्थानी व मोंगल चित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली वापरीत. आज उत्तम कृत्रिम केसांच्या मिळतात, खारीला त्रास देण्याचें कारण नाहीं. वेळेविषयीं आमच्या थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं दहावीचें वर्ष तोंडावर आलें असतां हें सर्व बंद करावें. माझें मत तसें नाहीं. तरी बापाचा अधिकार आजोबांनीं चालवूं नये हेंही मला कळतें. सबब रविवारीं सकाळीं दोन तास, आणि तेही आठवड्याचीं गणितें झालीं असलीं तर, असा तह झाला आहे. दोन्ही पक्ष त्यावर सारखेच नाखूष आहेत.

सध्यां हंटरच्या आसनाला अस्तर-लेप देऊन झाला आहे. गादीचा रंग कोणता यावर अद्याप एकमत नाहीं. इमारतींतील ते वृद्ध गृहस्थ मळकट हिरवा म्हणतात, नातवाजवळचें छायाचित्र करडा दाखवितें, आणि छायाचित्र जुनें असल्यानें त्यावर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं. पट्टे सूनबाई गौरी-गणपति आटोपल्यावर बसविणार आहे. वार्निश दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर.